पापणीच्या गळ्यात मारलेला निरोप

मराठीत ‘लवणे’ हे क्रियापद पापणीच्या बाबतीत दोन निराळ्या घटनांना लावले जाते. ‘पापणी लवते न लवते तोच’ असे म्हटले जाते तेव्हा अभिप्रेत असते ती रोजची उघडझाप, जी जागेपणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा घडते, सेकंदाच्या लहानशा अंशात उरकते आणि जिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. उलट ‘डोळा लवतो आहे’ असे म्हटले जाते तेव्हा अभिप्रेत असते ती पापणीच्या एखाद्याच पट्टीत इच्छेविना उठणारी बारीक थरथर, जी काही सेकंद टिकते, थांबते, पुन्हा सुरू होते आणि असे कित्येक दिवस चालू राहते. स्नायू तोच, त्याला हलवणारा मज्जातंतूही तोच. तरी पहिल्या लवण्याला कोणी अर्थ विचारत नाही आणि दुसऱ्याच्या वाट्याला मात्र ‘कोणता, डावा की उजवा?’ हा प्रश्न ठरलेला असतो. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या प्रश्नावर आहे. पापणीची थरथर ही शरीरातली एक किरकोळ घटना असून तिला निरोप मानणे चूक आहे, आणि ही निरोप वाचण्याची खोड शकुनाबरोबर सरलेली नसून वेष पालटून औषधाच्या दुकानातल्या मॅग्नेशियमच्या डबीपर्यंत येऊन पोचली आहे, असे येथे दाखवायचे आहे.

पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा डोळा लवणे शुभ, याच्या उलट झाले तर अशुभ, हा नियम विदर्भातल्या घरांत लहान पोरांनाही ठाऊक असतो, आणि त्यावर शंका घेताच जो युक्तिवाद पुढे येतो तो अडाणी नसतो. त्याची मांडणी साधारण अशी असते: शरीराच्या स्फुरणांवरून पुढचे ओळखण्याची विद्या, जिला जुन्या ग्रंथांत अंगस्फुरण म्हणतात, ती रामायणात आहे, कालिदासात आहे, आणि पापणीची थरथर आयुर्वेदालाही माहीत आहे, इतक्या शतकांची ही साक्ष सगळीच्या सगळी भ्रमाची असेल हे संभवत नाही. नागपुरात या युक्तिवादाला अंगणातलाच पुरावा मिळतो, कारण कालिदासाच्या ‘मेघदूत’ या काव्यातल्या यक्षाने ज्या रामगिरीवर शापाचे वर्ष काढले तो रामगिरी म्हणजे शहरापासून पन्नासेक किलोमीटरवरचे रामटेक, असे नागपूरचेच महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी साधार मांडले. मल्लिनाथ हा टीकाकार रामगिरी चित्रकूटाला नेऊन ठेवतो. मिराशींच्या बाजूला वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या ऋद्धपूर ताम्रपटातला रामगिरीस्वामीचा उल्लेख आणि नंदिवर्धन ही वाकाटकांची राजधानी, म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन, अशी भक्कम सामग्री आहे. तेव्हा शकुनवाद्यांनी उभा केलेला साक्षीदार जवळचाही आहे आणि मोठाही. त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. पण त्याची साक्ष नीट ऐकली तर ती त्यांच्या बाजूने पडत नाही.

मेघदूताच्या दुसऱ्या भागात, उत्तरमेघात, यक्ष मेघाला सांगतो की तू जवळ जाशील तेव्हा माझ्या प्रियेचा डोळा वरच्या बाजूस स्फुरेल आणि माशांच्या हालचालीने हललेल्या निळ्या कमळासारखा शोभेल. शकुनवादी वाचक येथे थांबतो, आणि थांबल्यामुळे त्याच श्लोकात व त्याच्या अलीकडच्या श्लोकांत त्या डोळ्याची जी अवस्था वर्णिली आहे तिच्याकडे त्याचे दुर्लक्ष होते. केस विस्कटून डोळ्यांवर आलेले आहेत, काजळ घातलेले नाही, रडून रडून डोळे सुजलेले आहेत. स्वप्नात तरी भेट व्हावी म्हणून तिला झोप हवी आहे आणि अश्रू झोपेला जागाच ठेवत नाहीत. जागरण, सततचे रडणे, सुजलेल्या पापण्या आणि महिनोन्‌महिने मनावर असलेला ताण, एवढी कारणे कवीने स्वतः नोंदवून ठेवलेली आहेत. आजचा नेत्रतज्ज्ञ पापणी लवणाऱ्या रुग्णाला पहिल्या पाच मिनिटांत जे प्रश्न विचारतो त्यांतल्या निम्म्यांची उत्तरे या थोडक्या श्लोकांत सापडतात. कालिदासाने कारणेही लिहिली आणि फळही लिहिले. रसिकांनी फळ शास्त्र म्हणून उचलले आणि कारणे काव्य म्हणून सोडून दिली.

शिवाय ही साक्ष देतो कोण, हेही पाहिले पाहिजे. तो लवणारा डोळा मेघदूतात कोणाच्याही दृष्टीस पडलेला नाही. जे आहे ते सारे यक्षाचे बोलणे आहे, त्याने दुरून रंगवलेले चित्र आहे, आणि डोळा स्फुरेल असे म्हणतानाही त्याने ‘मला वाटते’ अशा अर्थाचे, अंदाजाचे क्रियापद वापरले आहे. प्रेमाने व्याकूळ झालेल्याला सचेतन काय आणि अचेतन काय हा भेद उरत नाही, असा शेरा कवीने काव्याच्या आरंभीच या यक्षाबद्दल मारून ठेवला आहे, कारण हा गृहस्थ धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांच्या गोळ्याला निरोप सांगायला निघाला आहे. ज्या साक्षीदाराविषयी खुद्द त्याचा निर्माता असे सांगतो, त्याच्या अंदाजावर शकुनाचे शास्त्र उभारणे हा कालिदासावरच अन्याय होय. ढगाच्या गळ्यात निरोप बांधणारे मन पापणीच्या गळ्यातही बांधणारच, आणि तसे ते बांधते हेच तर त्या काव्याचे सौंदर्य आहे. जाता जाता हेही नोंदवावे की त्या श्लोकात डोळा डावा असल्याचा शब्दच नाही. ‘डावा’ हे विशेषण पुढच्या श्लोकात मांडीला लागलेले आहे, आणि डोळ्याचा डावेपणा वाचणारा पदरचा घालतो.

याचा अर्थ कालिदास शकुन मानत नव्हता असा नव्हे. शाकुंतलात तो त्यांचा मोकळेपणाने वापर करतो: आश्रमात शिरताना दुष्यंताचा बाहू स्फुरतो आणि लगेच शकुंतला दिसते, पाचव्या अंकात राजसभेकडे जाताना शकुंतलेचा उजवा डोळा स्फुरतो आणि राजा तिला ओळखत नाही. वाल्मीकीने तर किष्किंधाकांडात याहून मोठी किमया केली आहे. राम आणि सुग्रीव यांचे सख्य होते त्या क्षणी सीता, वाली आणि रावण या तिघांचे डावे डोळे एकाच वेळी लवतात, तिचा शुभाचा म्हणून आणि त्या दोघांचे अशुभाचे म्हणून. निरनिराळी तीन पात्रे कवी एका श्लोकात एका धाग्यात ओवतो. पण साहित्यात पापणी आधी लवते आणि घटना मागून येते, याचे कारण तेथे पुढची घटना कोणती हे पापणी लवण्याच्या आधीच लिहिणाऱ्याला ठाऊक असते. नागपूर शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेनुसार २४ लाखांच्या वर होती. एवढ्या माणसांत कोणत्याही तासाला कोणाची ना कोणाची पापणी लवत असणार आणि त्याच तासाला कोणाकडे ना कोणाकडे पाहुणा येत असणार, कोणाचे पैसे बुडत असणार, कोणाचा निकाल लागत असणार. जिथे दोन्ही जुळले ते घर ती गोष्ट वर्षानुवर्षे सांगते. जिथे पापणी आठवडाभर लवली आणि काहीच झाले नाही, ते घर काय सांगणार? न घडलेल्या गोष्टीची आठवण राहत नाही, आणि शकुनाला मुदत नसल्यामुळे तो चुकला असे कधी ठरतही नाही; आज नाही तर महिन्याने काहीतरी घडतेच, आणि ते त्याच्या खात्यावर मांडले जाते.

नियमाची भौगोलिक परीक्षाही घेता येते. चीनमधल्या प्रचलित समजुतीत डावा डोळा लवला तर धनलाभ आणि उजवा लवला तर संकट, आणि त्यात पुरुष-स्त्री असा भेद नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या थिओक्रिटस या ग्रीक कवीच्या काव्यात एक धनगर आपला उजवा डोळा लवतो आहे तेव्हा प्रिया दिसेल काय, असे स्वतःलाच विचारतो. हा नियम शरीराचा असता तर सीमा ओलांडताना तो उलटासुलटा झाला नसता. ज्वर नागपुरातही ज्वर असतो आणि बीजिंगमध्येही. चेहऱ्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूंना पुरवठा करणारे मज्जातंतू स्त्री-पुरुषांत सारखेच असतात, मग एकाच थरथरीचा अर्थ लिंगानुसार पालटण्यास शरीरात जागा कोठे आहे?

आयुर्वेदाचा दाखला मात्र अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण तो शकुनवाद्यांना वाटतो त्याच्या नेमका विरुद्ध जातो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापणीचे, म्हणजे वर्त्माचे, २१ रोग सांगितले आहेत आणि त्यांत ‘निमेष’ नावाचा एक आहे: पापण्यांची उघडझाप करणाऱ्या शिरांत वायू शिरतो आणि पापण्या अतिशय हालवतो, असे त्याचे लक्षण दिले आहे. सुश्रुताला शकुन ठाऊक नव्हते असे नाही. रोग्याकडून येणारा दूत, वाटेत दिसणारी चिन्हे आणि स्वप्ने यांवर सूत्रस्थानात स्वतंत्र अध्याय आहे. तरीही पापणीची ही हालचाल त्याने रोगांच्या यादीत बसवली, तिचे कारण शरीराच्या आत शोधले आणि तिला साध्यासाध्यतेची कसोटी लावली. आता या दाखल्याचा आधार घ्यायचाच तर पूर्ण घ्यावा लागेल, आणि तो पूर्ण घेतला तर पंचाईत होते, कारण सुश्रुत निमेषाला असाध्य वातरोगांत घालतो, तर लोक ज्याला डोळा लवणे म्हणतात ते बहुधा पंधरा दिवसांत आपोआप थांबते. म्हणजे सुश्रुताने पाहिलेला निमेष ही काहीतरी निराळी, चिवट व्याधी असावी. दोहोंना एक मानणाऱ्याने ना सुश्रुत वाचला आहे, ना आपली पापणी नीट पाहिली आहे.

ती नीट पाहिली तर काय दिसते? डोळ्याभोवती कड्यासारखा पसरलेला एक पातळ स्नायू असतो, ज्याला ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय म्हणतात; डोळा मिटणे हे त्याचे काम, आणि त्याला आज्ञा पोचवतो तो चेहऱ्याचा मज्जातंतू, मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी सातवा. या तंतूच्या काही शाखा चाळवल्या की मेंदूने आज्ञा दिलेली नसतानाही त्यांतून विजेचे छोटे आवेग तुकड्या-तुकड्यांनी निघू लागतात आणि स्नायूची एक पट्टी, बहुधा खालच्या पापणीतली, लाटेसारखी फुरफुरते. वैद्यकाने तिला मायोकायमिया हे नाव दिले आहे, ज्यात स्नायू आणि लाट या अर्थांचे दोन ग्रीक शब्द आहेत. आरशासमोर उभे राहून पाहिले तर पापणीच्या कडेखाली कातडीवर एक बारीकशी वळवळ दिसते, कधी तीही दिसत नाही, आणि शेजारी बसलेल्या माणसाला तर बहुतेक वेळा काहीच कळत नाही, जरी ज्याची पापणी आहे त्याला आपला अर्धा चेहरा नाचतो आहे असे वाटत असते.

हे असे वाटते याचे कारण सांगितले की ‘मग डोळाच का लवतो?’ या शकुनवाद्यांच्या आवडत्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. पापणीची कातडी ही शरीरातली सर्वांत पातळ कातडी, एक मिलिमीटरहूनही कमी जाडीची, आणि तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतो. अशीच फुरफुर पोटरीतही उठते, दंडातही उठते, पण तेथे वर जाड कातडी आणि चरबी असल्यामुळे ती बहुधा जाणवतही नाही. डोळ्याला नियतीने निवडलेले नाही. तेथे फक्त आडोसा कमी आहे.

‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून पापणी लवणाऱ्याला उडवून लावणारे बुद्धिवादीही येथे चुकतात, आणि त्यांची चूक समजण्यास नागपूरकरांना एक उदाहरण उपलब्ध आहे. ३० मे २०२४ रोजी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस असा आकडा दाखवला आणि त्याची देशभर बातमी झाली. पुढे तपासणीअंती हवामान खात्याने स्पष्ट केले की तेथला संवेदक बिघडला होता. शहराची खरी विक्रमी नोंद २३ मे २०१३ ची, ४७.९ अंशांची आहे, आणि ती काही कमी नव्हे. ३० मेच्या त्या दिवशी संवेदकाने आकडा खरोखरच पाठवला होता. त्याच्यामागे तेवढे ऊन नव्हते. लवणाऱ्या पापणीचेही तसेच असते, तंतूतून आवेग खरोखरच आलेला असतो, त्याच्यामागे आज्ञा नसते. आकडा आलाच नाही म्हणणारा आणि आकड्यावरून जगबुडी जवळ आली म्हणणारा, दोघेही संवेदक तपासत नाहीत.

तपासणीत सापडणारी कारणे नाट्यमय नसतात, म्हणूनच ती लोकांना पुरेशी वाटत नसावीत. अपुरी झोप, थकवा, मनावरचा ताण, चहा-कॉफीतले कॅफिन, तंबाखू, मद्य, डोळ्यांचा कोरडेपणा, पापण्यांच्या कडांची सूज आणि तासन्‌तास पडद्यावर खिळलेली नजर, ही ती कारणे. पडद्याकडे एकटक पाहताना उघडझाप नेहमीच्या निम्म्याहूनही खाली येते, त्यामुळे अश्रूंचा पातळ थर सुकतो आणि बुबुळाची टोचणी त्याच पापणीच्या तंतूंना चाळवत राहते. नागपूरच्या अभ्यासिकांत ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा आणि स्पर्धा परीक्षा यांची तयारी करणारी मुले मे महिन्यात ज्या स्थितीत बसलेली असतात ती पाहिली तर यादीतली बहुतेक कारणे एकाच टेबलाभोवती गोळा झालेली आढळतात: समोर मोबाइलवर चाललेले व्याख्यान, तोंडावर कूलरचा थेट झोत, रात्री अकरानंतर टपरीवरचा तिसरा चहा, एखाद्याच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि पहाटे पाचचा गजर. कॅफिनची रक्तातली मात्रा निम्मी व्हायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे अकराच्या चहातले निम्मे कॅफिन पहाटे चारलाही अंगात असते आणि लागलेली थोडीशी झोपही उथळ करते. अशा मुलाची पापणी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लवू लागली तर घरचे पेपरचा शकुन पाहतात, पण पापणी परीक्षेमुळे लवत असते आणि परीक्षा होऊन पोरगे दोन रात्री पोटभर झोपले की थांबते. थांबल्यावर शकुन टळला असेही कोणी म्हणते.

आता आरंभी उल्लेखलेल्या मॅग्नेशियमच्या डबीकडे वळावे लागेल. शकुन हसण्यावारी नेणारी शिकलेली मंडळी पापणी लवताच ‘मॅग्नेशियम कमी झाले’ असे ज्या ठामपणे सांगतात, त्यात आणि ‘पाहुणा येणार’ या भाकितात रचनेच्या दृष्टीने फारसा फरक नाही: दोन्हीकडे एका बारीक थरथरीतून दूरची, न दिसणारी गोष्ट वाचली जाते, दोन्हीकडे पडताळा घेतला जात नाही, आणि दोन्हीकडे थरथर आपोआप थांबली की श्रेय उपायाला दिले जाते. मॅग्नेशियमची खरी, मोजता येणारी कमतरता असते आणि ती गंभीर असते. दीर्घकाळचे जुलाब, मद्यपान, लघवी वाढवणारी औषधे, आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या ओमेप्राझोल गटाच्या गोळ्या यांमुळे ती होऊ शकते. तिची लक्षणे म्हणजे हातापायांत पेटके, कंप, प्रसंगी झटके आणि हृदयाच्या ठोक्यांत बिघाड. एवढे सारे वगळून ती कमतरता फक्त डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीत येऊन बसेल हे मानायला शरीरशास्त्रात आधार नाही, कारण रक्तातले क्षार एका पापणीला एक आणि दुसरीला दुसरे असे वाटले जात नाहीत. पापणी लवणाऱ्यांच्या आणि न लवणाऱ्यांच्या रक्तातल्या क्षारांची तुलना झाली आहे आणि तीत मॅग्नेशियमचा दोष दिसलेला नाही.

त्यावर असे म्हटले जाते की गोळी घेतल्याने बिघडते काय. ज्याची मूत्रपिंडे अधू आहेत त्याच्या अंगात मॅग्नेशियम साचते आणि ते खरोखरच घातक ठरू शकते. इतरांना पुष्कळदा जुलाब होतात, आणि जुलाबांतून मॅग्नेशियम बाहेर पडते, हा या उपचारातला विनोद. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, तीळ आणि शेंगदाणे ज्या ताटात रोज आहेत त्या ताटात हे खनिज पुरेसे असते. खरी हानी मात्र निराळीच आहे: गोळी हाती आली की झोपेचा आणि चहाचा हिशेब मांडायचा राहून जातो.

तिसरा निरोप भीतीचा असतो. मोबाइलवर रात्री शोध घेणाऱ्याला पापणीच्या थरथरीतून मेंदूतली गाठ, पक्षाघात किंवा चेतापेशी झिजवणारा असाध्य आजार एवढ्या पायऱ्या पंधरा मिनिटांत चढता येतात, आणि त्या भीतीने उडालेली झोप थरथर वाढवते. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पापणीपुरतीच राहिलेली, पण दीर्घकाळ चिवटपणे टिकलेली थरथर असणाऱ्या १५ रुग्णांचा मागोवा घेतला गेला आणि ती निरुपद्रवीच असल्याचा निष्कर्ष निघाला. रुग्णसंख्या लहान आहे हे खरे. पण हे निवडक चिवट रुग्ण होते, दोन आठवड्यांत बरे होणारे नव्हेत, म्हणून या निष्कर्षाला वजन आहे.

मात्र ‘काही नसते’ हे वाक्य सरसकट म्हणणेही निरोप वाचण्याइतकेच आळशीपणाचे ठरेल, कारण पापणीपासून सुरू होणारे दोन विकार खरोखर निराळे आहेत. त्यांपैकी हेमिफेशियल स्पॅझम, म्हणजे चेहऱ्याच्या अर्ध्या भागाला आकडी येणे, हा बहुधा एका डोळ्याभोवती सुरू होतो, महिन्या-वर्षांत गालाकडे आणि ओठाच्या कोपऱ्याकडे उतरतो, आणि झोपेतही थांबत नाही. मेंदूच्या देठातून सातवा तंतू जेथे बाहेर पडतो तेथे एखादी रोहिणी त्याला टेकून ठोके देत राहते, हे त्याचे नेहमीचे कारण. त्याची एक खूण कोणालाही घरी पाहता येते: डोळा मिटला की भुवई खाली यायला हवी, पण या विकारात डोळा आकसत असतानाच त्या बाजूची भुवई वर चढते, मुद्दाम करू गेल्यास ही गोष्ट सहसा जमत नाही. फ्रेंच चेतातज्ज्ञ बाबिन्स्की यांनी ही खूण नोंदवली आणि ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. दुसरा विकार ब्लेफरोस्पॅझम. तो दोन्ही डोळ्यांना होतो, बहुधा पन्नाशीनंतर आणि स्त्रियांना अधिक; पापण्या थरथरत नाहीत, जोराने मिटतात आणि उघडायला नकार देतात, उन्हात निघाले की अधिकच, इतक्या की डोळे चांगले असूनही रस्ता ओलांडता येत नाही. सुश्रुताचा असाध्य निमेष कशाशी जुळवायचाच असेल तर तो याच्याशी जुळवावा.

शकुन निरुपद्रवी असतो, त्याने कोणाचे काय बिघडते, हा त्याच्या समर्थकांचा अखेरचा आणि सर्वांत गोड युक्तिवाद येथे कोसळतो. ज्या बाईचा डावा डोळा लवतो तिला तो शुभ सांगितला गेला तर ओठाचा कोपरा ओढला जाईपर्यंत ती दवाखान्याची पायरी चढत नाही. उजवा असेल तर अशुभाच्या धास्तीने कोणाला सांगतही नाही. आणि हे दोन्ही विकार आज असाध्य राहिलेले नाहीत. शिळ्या सॉसेजमधून माणसे मारणाऱ्या विषाचा अभ्यास जर्मनीत युस्टिनुस केर्नर यांनी १८२० च्या दशकात केला आणि ते अल्प मात्रेत औषध होऊ शकेल असे सुचवले. तेच बोट्युलिनम विष ॲलन स्कॉट या अमेरिकी नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यांच्या स्नायूंत वापरले आणि डिसेंबर १९८९ मध्ये तिरळेपणा व पापण्यांच्या आकड्या यांसाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. बारीक सुईने पापणीभोवती दिलेल्या काही थेंबांनी स्नायू सैल पडतो, परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो आणि मग पुन्हा द्यावा लागतो. रोहिणी आणि तंतू यांच्यामध्ये मऊ गादी बसवण्याची शस्त्रक्रियाही आहे. नेहमीच्या लवण्याला यांतले काहीच लागत नाही. तेथे सात-आठ तासांची झोप, दुपारनंतर चहा-कॉफी बंद, खर्रा बंद, कूलरचा झोत तोंडावरून हटवणे, दर वीस मिनिटांनी पडद्यावरून नजर उचलून दूर पाहणे, डोळे कोरडे असतील तर कृत्रिम अश्रूंचे थेंब, पापण्यांच्या कडा सुजल्या असतील तर कोमट पाण्याच्या घडीचा शेक आणि चष्म्याचा नंबर जुना झाला असेल तर तो तपासणे, एवढे पुरते.

दवाखान्यात जाण्याची वेळ ओळखायला डावे-उजवे उपयोगी पडत नाही. थरथर दोन-तीन आठवड्यांनंतरही थांबत नसेल, डोळा पूर्ण मिटून जात असेल, गाल किंवा ओठ बरोबर हलत असेल, पापणी खाली लोंबू लागली असेल, एकाचे दोन दिसत असतील, डोळा लाल होऊन चिपडे येत असतील, चेहऱ्याला किंवा हातापायाला अशक्तपणा जाणवत असेल, तर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात अथवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जावे. तेथे एक अडचण हमखास येते: तासभर रांगेत लवत असलेली पापणी डॉक्टरांसमोर बसल्याबरोबर गप्प होते. म्हणून घरी लवत असतानाच कोणाकडून तरी मोबाइलवर मिनिटभराचे चित्रीकरण करून घ्यावे, खिडकीच्या उजेडात, चष्मा काढून, आणि चौकटीत फक्त डोळा न घेता कपाळापासून हनुवटीपर्यंतचा सगळा चेहरा घ्यावा, म्हणजे भुवई कोणत्या दिशेने जाते आणि ओठाचा कोपरा स्थिर आहे की नाही, हे तपासणाऱ्याला दिसते.